हिंदुराव सरांचा नकाशा

सकाळची ओपीडी नुकती भरायला लागली होती, तेवढ्यात रेडिएशनच्या खोलीतून धम्मप्रियाला फोन आला. कॉम्प्युटर चालू आहेत, माउस हलतोय, पण पेशंटचं फोल्डर उघडायला गेलं की गोल फिरत राहतंय आणि पुढे काहीच होत नाही.

सोलापुरातल्या त्या ट्रस्टच्या कॅन्सर हॉस्पिटलात कॉम्प्युटर विभाग धम्मप्रिया सांभाळायची. विभाग म्हणजे काय, ती आणि एसी लावलेली एक अरुंद खोली. खोलीत रात्रंदिवस गुणगुणणारी यंत्रं. त्यांना नद्यांची नावं होती. भीमा, बोरी, हरणा. पेशंटचे स्कॅन, कुणाला कुठं किती शेक, म्हणजे रेडिएशन, द्यायचा त्याचे आराखडे, सगळं भीमावर असायचं. डॉक्टर कुठल्याही खोलीत, कुठल्याही कॉम्प्युटरवर बसले आणि त्यांनी फोल्डर उघडलं, की मागे एक सर्व्हिस, पडद्याआड चालणारा एक प्रोग्रॅम, जागी व्हायची. ती आपल्या नकाशात बघायची की हे फोल्डर कुठल्या यंत्रावर आहे, आणि तिथून आणून ते डॉक्टरांसमोर जोडून द्यायची. डॉक्टर काम संपवून उठले, थोडा वेळ गेला, की तिचं ती सोडूनही टाकायची. नकाशा म्हणजे तरी काय, एक साधी फाइल. एका बाजूला फोल्डरचं नाव, दुसऱ्या बाजूला यंत्राचं. पण त्या फाइलीवर अख्खं हॉस्पिटल उभं होतं.

धम्मप्रियानं नकाशा उघडला आणि तिचा हात थांबला. रेडिएशनच्या ओळींमध्ये भीमाच्या जागी सीना लिहिलं होतं.

सीना हे हॉस्पिटलचं पहिलं यंत्र. ते केव्हाच बंद करून भंगारात दिलं होतं. म्हणजे सर्व्हिस बिचारी प्रत्येक डॉक्टरला नसलेल्या यंत्राकडे पाठवत होती आणि उत्तराची वाट बघत ताटकळत होती. बदल व्हायच्या आधी ज्यांनी फोल्डर उघडलं होतं, त्यांचं काम भीमावर सुरळीत चाललं होतं. नव्यानं उघडणारे तेवढे अडकले होते.

मोठे डॉक्टर दारात येऊन उभे राहिले.

"मॅडम, सगळं बंद करून परत चालू करा ना. बाहेर लाइन लागलीय."

"बंद नाही करता येणार, सर. आत दोघांचं काम चालू आहे. एकांचा आराखडा अर्धा झालाय, तो जाईल."

"मग?"

"चालू असतानाच दुरुस्त करते. थोडा वेळ द्या."

तिनं ओळी सरळ केल्या, सर्व्हिसला नकाशा पुन्हा वाचायला लावला. चालत्या कामाला धक्का लागला नाही. मग अडकलेल्या कॉम्प्युटरपाशी एकेक करत स्वतः जाऊन तिनं ते मोकळे केले. सगळं ठाकठीक व्हायला दुपार कलली. त्यानंतर ती खोलीत परत आली, दार लावून घेतलं, आणि हा बदल केला कुणी ते शोधायला बसली.

नोंद स्पष्ट होती. सकाळी, घरून, रिटायर झालेल्या हिंदुराव सरांच्या नावानं.

तिला आधी वाटलं, सरांचा पासवर्ड चोरीला गेला. पुढच्या क्षणी तिला कळलं की तसं काही नाही, आपणच तशी आशा करतो आहोत.

संध्याकाळी ती निघाली तेव्हा रेडिएशनच्या बाहेरच्या बाकावर मैंदर्गीची नागम्मा अजून बसलेली होती. म्हातारी रोज एसटीनं यायची, शेक घ्यायची आणि परत जायची. सोबत कुणी नसायचं. तिचा नंबर आत्ता लागत होता.

"इन्ना एष्ट होत्त?" तिनं विचारलं. अजून किती वेळ. धम्मप्रियाला तेवढी कानडी कळायची.

"झालंच, अव्वा. आता तुमचाच नंबर."

म्हातारीची शेवटची एसटी त्या दिवशी चुकली. ती रात्री हॉस्पिटलच्या व्हरांड्यात पथारी टाकून झोपली, हे धम्मप्रियाला दुसऱ्या दिवशी सिस्टरकडून कळलं.

हिंदुराव सरांनी हे सगळं उभं केलं होतं. मोहोळकडच्या एका शेतकरी घरातला हा माणूस, गावातला पहिला इंजिनिअर. हॉस्पिटल दोन खोल्यांचं होतं तेव्हापासून ते तिथं होते. धम्मप्रिया डिप्लोमा करून लागली तेव्हा तिला कॉम्प्युटर उघडून आतला पंखा बदलता यायचा, त्यापलीकडे फारसं काही नाही. वडील मिलमध्ये होते, मिल बंद पडल्यावर हमाली करायचे. इंग्रजीतले जाडजूड ग्रंथ ती उघडायची आणि तसेच मिटून ठेवायची. सरांनी तिला एकही पुस्तक दिलं नाही. ते तिला खुर्चीत बसवायचे आणि स्वतः मागे हात बांधून उभे राहायचे. कीबोर्डला हात लावायचा नाही हा त्यांचा नेम. ती चुकली तरी बोट पुढे यायचं नाही.

"कुटं चुकलीस, तूच बघ की. मला न्हाय घाई."

आणि नकाशाला हात लावायच्या आधी, कुठल्या खोलीतून कोण कुठल्या फोल्डरमध्ये बसलंय ते बघायचंच. बघितल्याशिवाय त्यांनी कधी एक अक्षर बदललं नाही. ऑफिसात शहरी मराठी बोलणारा हा माणूस शिकवताना मात्र थेट गावच्या बोलीत यायचा. धम्मप्रियाला ती बोली ऐकली की धीर यायचा.

ते रिटायर झाले तेव्हा ट्रस्टनं त्यांना सल्लागार म्हणून ठेवलं. काही अडलं तर घरून बघता यावं म्हणून त्यांचे अधिकार तसेच राहिले. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. ज्यानं घर बांधलं त्याच्याकडून किल्ली कोण मागून घेणार?

विजापूर रोडला त्यांचं घर होतं. धम्मप्रिया पोचली तेव्हा सर लॅपटॉपपुढेच होते. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, चेहरा उजळलेला.

"ये, ये. बरी आलीस. नकाशात लई घोळ झालता गं. सीना गायबच! कुणी काढली? मी सकाळी नीट करून ठिवलं सगळं."

धम्मप्रिया खुर्चीच्या कडेवर टेकली.

"सर, सीना आपणच काढली. तुम्ही आणि मी. बंद करताना तुम्ही तिला फूल वाहिलं होतं. आठवतंय?"

सरांनी तिच्याकडे पाहिलं. मग मोठ्यांदा हसले. "काहीतरीच काय सांगतीस! सीना बंद केली तर पेशंट कुटं जातील?"

ते हसणं नेहमीचंच होतं. धम्मप्रियाला तेच सहन होईना. पाणी प्यायच्या निमित्तानं ती उठून स्वयंपाकघरात गेली. सरांच्या पत्नी, मथुराकाकू, ओट्याला टेकून उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"काकू, हे कधीपासून?"

"दिवाळीच्या आधीपास्नं." काकू पदराशी चाळा करत बोलत होत्या. "आदी चष्मा कुटं ठिवला ते इसरायचे. मग एकदा सकाळी डबा मागितला. ड्यूटीला जायाचंय म्हनले. दोनदा तर पार होटगी स्टेशनापतुर गेलते, रिक्षावाल्यानं आनून सोडलं. डॉक्टर म्हनले, मेंदू सुकत चाललाय. गोळ्या हायेत, पन गुण न्हाय."

"मला का नाही सांगितलं?"

काकूंनी हातातला पदर सोडला. मग म्हणाल्या, "सांगितलं असतं तर तू त्ये बंद केलं असतंस. केलं असतंस का न्हाय? आगं, दिवसभर ह्यो मानूस घरात पावन्यावानी फिरतो. सकाळचा योक तास त्या कॉम्प्युटरपुढं बसला की आपला असतो. मला नावानं हाक मारतो. तेवढंच हाय माझ्याकडं."

धम्मप्रियानं पाणी प्यायलं, भांडं विसळून पालथं घातलं आणि बाहेर आली. सर तिला नकाशा दाखवायला आतुर होते. तिनं बघितला, मान डोलावली, आणि घरी आली.

मोठ्या डॉक्टरांना तिनं एवढंच सांगितलं की नकाशात चूक झाली होती, पुन्हा होणार नाही. पुन्हा होऊ द्यायची नसेल तर करायचं काय होतं हे तिला ठाऊक होतं. सरांचे अधिकार काढायला मिनिटभर पुरलं असतं. पण सकाळी सर इस्त्रीचा शर्ट घालून बसतील, पासवर्ड टाकतील, आणि यंत्र म्हणेल, तुम्ही कोण. त्याचं काकूंना काय उत्तर द्यायचं?

तिनं मग एक मधला मार्ग काढला. खोलीत एक जुना कॉम्प्युटर पडून होता. त्यावर तिनं सगळ्याची हुबेहूब नक्कल उभी केली. तीच यंत्रांची नावं, तीच फोल्डरं, तोच नकाशा. तिनं त्यात सीनासुद्धा ठेवली. फोल्डरं आतून रिकामी होती एवढंच. काकूंना सांगून, सरांच्या नकळत, तिनं त्यांचा लॅपटॉप त्या नकलेला जोडून दिला आणि खऱ्या यंत्रणेतले त्यांचे अधिकार काढून घेतले. फक्त त्यांचं नाव आणि त्यांचं स्वतःचं फोल्डर तेवढं नकाशात राहू दिलं. ते काढायला तिचा हात वळला नाही.

सर रोज सकाळी बसू लागले. ओळी बदलायचे, पुन्हा जुन्या करायचे, सर्व्हिसला नकाशा वाचायला लावायचे. त्यांनी काहीही केलं तरी कुणाचं काही बिघडत नव्हतं. संध्याकाळी धम्मप्रिया त्यांनी केलेले बदल बघायची. कधी अगदी अचूक असायचे, तिला सुचले नसते असे. कधी एकच ओळ लागोपाठ वीसदा लिहिलेली असायची. ती सगळं पुसून दुसऱ्या दिवसासाठी तयार करून ठेवायची. काकू फोनवर म्हणाल्या, "बरं केलंस बाई." तिलाही वाटलं, बरं केलं.

मग एका सकाळी सरांचा फोन आला. आवाज थंड होता.

"धम्मप्रिया, हितं कुणीच न्हाय."

"काय झालं, सर?"

"मी रोज बघतोय. कोण कुठल्या फोल्डरमधी बसलंय ते. कुणीच बसलेलं न्हाय. सकाळच्या टायमाला, ओपीडी भरलेली असताना? एवढ्या मोठ्या दवाखान्यात योकबी मानूस काम करंना व्हय?"

नकलेत तिनं सगळं घातलं होतं, माणसं घालायचं तिच्या ध्यानात आलं नव्हतं. आणि घालणार तरी कशी?

"तू ये," सर म्हणाले. "आत्ता ये."

ती गेली. दिवाणखान्यात लॅपटॉप मिटून ठेवलेला होता. सर खिडकीपाशी उभे होते. त्यांचा चेहरा तिला फार दिवसांनी पूर्वीसारखा दिसला, आणि त्यानंच ती घाबरली. त्या सकाळी त्यांना सगळं कळत होतं.

"हे खरं न्हाय ना?"

"नाही, सर."

"किती दिवस?"

"बरेच दिवस झाले."

त्यांनी मान हलवली. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. सरांनी त्यांच्याकडे बघितलं नाही.

"म्हंजे माझ्या हातनं काहीतरी बिघडलं आसनार. उगं तू असं करायची न्हाईस. काय बिघडलं?"

"फार काही नाही, सर. लगेच नीट झालं."

"मला खरं सांग. मी तुला कधी खोटं शिकवलं न्हाय."

मग तिनं सांगितलं. सीना, अडकलेले कॉम्प्युटर, बाहेरची लाइन. नागम्माचंही सांगितलं, कारण सरांनी विचारलं, लाइनीत कोण होतं. सर पेशंटचं असंच विचारायचे, नेहमी.

"यष्टी चुकली? मग ऱ्हायली कुटं?"

"व्हरांड्यात झोपली."

"थंडीत?"

"हो."

सर खुर्चीत बसले. दोन्ही हातांचे पंजे गुडघ्यांवर ठेवून त्या हातांकडेच बघत राहिले. काकूंनी तोंडाला पदर लावला. "आवो, तुमी काय मुद्दाम केलं का," त्या म्हणाल्या, पण सरांनी हातानंच त्यांना थांबवलं.

"तू बंद केलंस ते बरोबरच केलंस," ते धम्मप्रियाला म्हणाले. "पन मला सांगून करायचं हुतंस. तेवढं चुकलीस."

"चुकले, सर."

"आता माझ्यासमोर काड माझं नाव. खऱ्यातनं. आज मला समजतंय. उद्या समजंल का न्हाय, काय सांगावं."

तिनं आपला लॅपटॉप काढला. डोळे भरून आले होते, अक्षरं दिसत नव्हती. सर उठून तिच्या मागे येऊन उभे राहिले. हात मागे बांधलेले.

"आदी माझं फोल्डर बघ. कुणाच्या कामाचं काही आसंल तर ठिवून घे."

तिनं फोल्डर उघडलं. जुने आराखडे होते, कुठल्या वायरी कुठून गेल्यात त्याचे फोटो, तिच्या पहिल्या वर्षी तिनं केलेल्या चुकांची दुरुस्ती. एक फोटो सीनाचा होता, यंत्रावर जास्वंदीचं फूल ठेवलेलं. सर तो फोटो बघत राहिले.

"हे मीच केलतं?"

"हो, सर."

"आसंल."

कामाच्या फाइली तिनं दुसरीकडे उचलून ठेवल्या. मग नकाशातली हिंदुराव नावाची ओळ पुसली. सर्व्हिसला नकाशा पुन्हा वाचायला लावला. हॉस्पिटलात त्या वेळी वीसेक माणसं आपापल्या फोल्डरमध्ये काम करत होती, त्यांतल्या एकालाही काही जाणवलं नाही. पण सरांचं फोल्डर काही सुटेना. तिनं पुन्हा सांगून पाहिलं. यंत्राचं उत्तर तेच, वापरात आहे.

"सुटत नाहीये, सर."

"का सुटंना? बघ की."

तिनं बघितलं. सुचलं नाही. पुन्हा बघितलं. सर मागे उभे होते, त्यांना घाई नव्हती.

"आगं, तूच बसलीयस आत," ते शेवटी हळू आवाजात म्हणाले. "फोटो उघडा ठिवलायस. तू भाईर निघ, मग सुटंल."

तिनं फोटो मिटला. फोल्डरमधून बाहेर आली. थोड्या वेळानं फोल्डर आपोआप सुटलं.

सरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मग ते काकूंना म्हणाले, "मथुरा, च्या टाक. पोरगी सकाळपास्नं उपाशी आसंल." काकू आत गेल्या, आणि स्टोव्हच्या आवाजाआडून त्यांचं रडणं ऐकू येत राहिलं.

तसं लख्ख ऊन सरांच्या डोक्यात पुन्हा पडलं नाही. दुसऱ्या सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून लॅपटॉप शोधत घरभर फिरले. काकूंनी तो धम्मप्रियाबरोबर देऊन टाकला होता. आठवडाभर फिरले, मग ते शोधणंही विसरले. शर्ट घालायचा राहिला. उन्हाळा सरेपर्यंत काकूंचं नावही त्यांच्या आठवणीतून गेलं. काकू म्हणायच्या, दवाखाना आठवत न्हाय ते एक बरं हाय. आणि हे सांगताना त्यांचा चेहरा बघवत नसे.

त्या सकाळचा एक तास आपण काढून घेतला, हे धम्मप्रियाच्या मनातून जात नव्हतं. काकूंनी तिला कधी बोल लावला नाही. एकदाच म्हणाल्या, "तू काडला नसतास तर त्या रोगानं काडला असता." पण आपण नकलेत दोनचार खोटी माणसं बसवून दिली असती, तर आणखी काही महिने निघाले असते का, असं तिला वाटत राहायचं. मग व्हरांड्यातली थंडी आठवायची. हे तिला कुणाजवळ बोलता येत नव्हतं. मोठ्या डॉक्टरांना तिनं नंतर खरं काय ते सगळं सांगितलं होतं. ते नुसतं "अरेरे" म्हणाले आणि सल्लागार म्हणून असलेलं सरांचं नाव बोर्डावरूनही उतरलं.

रविवारी ती त्यांच्याकडे जाऊ लागली. काकूंना तेवढीच बाजारहाट करायला, पडायला उसंत मिळायची. सर तिला केराबाई म्हणायचे. केराबाई त्यांची धाकटी बहीण, लहानपणीच तापानं गेलेली, असं काकूंनी सांगितलं. पहिल्यांदा धम्मप्रियानं चूक दुरुस्त करायचा प्रयत्न केला. "सर, मी धम्मप्रिया." सर कावरेबावरे झाले, इकडेतिकडे बघू लागले. तेव्हापासून तिनं ते सोडून दिलं.

एका रविवारी काकू आत पडल्या होत्या. तिनं सरांपुढे ताट ठेवलं. ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, दही. सरांनी घास घेतला नाही. ते दाराकडे बघत होते.

"केराबाई, आबा आले का गं रानातनं?"

"येत्यात की," ती म्हणाली. ही बोली आता तिच्याही तोंडात बसली होती.

"तू जेवलीस?"

"नाही अजून."

सरांनी भाकरी उचलली. ती मोडली, दोन्ही तुकडे नीट निरखून पाहिले आणि मोठा तिच्या हातावर ठेवला.

"खा. तू ल्हान हायस."

धम्मप्रियानं तो तुकडा घेतला. सरांनी तिच्याकडे बघत आपला घास उचलला, म्हणून तिनंही चटणी लावून खाल्लं.